अकरा मिनिटांची हरकत

हरकत घेणं हे आमच्या घरात माझं खातं नाही. ते पहिल्यापासून सौभाग्यवतीकडे आहे, आणि तिने ते इतकं चोख सांभाळलं आहे की दुसऱ्या कुणी त्यात लक्ष घालावं अशी गरज कधी पडली नाही. त्यामुळे 'जनतेच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' असं राज्य सरकारने वर्तमानपत्रात छापलेलं पाहिलं तेव्हा मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. एकेचाळीस वर्षं संसार केला, तेहेतीस वर्षं नोकरी केली. एवढ्या काळात माझी हरकत कुणी मागवली नव्हती. न मागता दिली तेव्हा घेतलीही नव्हती.

जाहिरात दाखवली सूनबाईने. ती एका धुलाई कारखान्यात कामाला आहे. शहरातल्या रुग्णालयांच्या चादरी तिथे धुतात. तापलेल्या रोलरमधून चादर बाहेर आली की ती आणि तिची जोडीदारीण दोन-दोन कोपरे धरतात, झटकतात, घड्या घालतात आणि ढिगावर ठेवतात. अशा दिवसाला आठ-नऊशे. घरी आल्यावर तिला साधा रुमाल घडी करायला सांगितला तरी ती आपल्याकडे अशी बघते की आपण तो बोळा करून खिशात घालतो.

"बाबा, हा सातवा नियम वाचा," ती म्हणाली. "त्यातला तिसरा पोटनियम."

जादा कामाच्या मोबदल्याच्या कायद्यात सरकार बदल करू पाहत होतं, त्याचा तो मसुदा होता. पोटनियम तीन म्हणत होता की कामाची नियत वेळ संपल्यानंतरचा तीस मिनिटांपेक्षा कमी कालावधी जादा काम म्हणून गणला जाणार नाही.

"म्हणजे एकोणतीस मिनिटं थांबवून घेतलं तर?"

"तर थांबवलंच नाही," सूनबाई म्हणाली.

आतापर्यंत तिच्याकडे सहाची घंटा झाली की मिनिटामिनिटाला दुप्पट दर लागायचा. त्यामुळे सहा वाजता मुकादम स्वतः बायकांना कोंबड्यांसारखं फाटकाबाहेर हाकलायचा. मसुदा अजून मसुदाच होता. पण मालकाने त्याचा सराव सुरू केला होता. हजेरीबुकात सहाची सही घ्यायची आणि मग मुकादमाने म्हणायचं, "एवढी एक गाडी भरा आणि निघा." ती एक गाडी सहा सत्तावीसला भरायची.

प्रश्न पैशांचा असता तर सूनबाई माझ्याकडे आली नसती; पैशांच्या प्रश्नासाठी माझ्याकडे कुणीच येत नाही. प्रश्न सव्वासहाच्या बसचा होता. आठवड्यातून तीन दिवस ती संध्याकाळच्या कॉलेजात जाते. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटची सहामाही. सातला वर्ग भरतो, सातला दार बंद होतं, आणि पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. सव्वासहाची बस चुकली की पुढची पाच कमी सातला. सरावाच्या पहिल्या आठवड्यात तिच्या दोन गैरहजेऱ्या झाल्या होत्या. आता चार शिल्लक होत्या.

"आमच्यातल्या कुणी हरकतीवर सही केली तर दुसऱ्या दिवशी मुकादम चादरी उकळायच्या भट्टीकडे पाठवणार," ती म्हणाली. "तुमची सही हवी. तुम्हाला काय, तुम्ही निवृत्त. तुम्हाला कोण काढणार?"

सौभाग्यवती भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी बघते आहे प्रयत्न करून."

मी आणखी एका कारणाने पेटलो. मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. किलोमागे वीस ग्रॅम मारणाऱ्या दुकानदाराचा तराजू मी भर बाजारात उचलून नेलेला आहे. तो दुकानदार गयावया करत म्हणायचा, "साहेब, वीसच ग्रॅम." मी म्हणायचो, "वीस ग्रॅमला वजन नसतं का?" आणि आता सरकार स्वतः म्हणत होतं की एकोणतीस मिनिटांना वजन नसतं. हे मला व्यक्तिशः लागलं. मी एक कागद घेतला आणि एका वाक्यात हरकत लिहिली: 'एक मिनिट हे एक मिनिट असते, सबब पोटनियम तीन वगळावा.' खाली सही. पोस्टात टाकायला निघालो, आणि इथेच माझं चुकलं. मी जिन्याने गेलो.

जिन्यात कोर्टबुवा भेटले. कोर्टबुवा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. कोर्टात शिरस्तेदार होते, वकील नव्हते. पण तीस वर्षं वकिलांना ऐकल्यामुळे वकिलीतलं जे जे टाळण्यासारखं ते सगळं त्यांना येतं. त्यांनी माझा कागद दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"ही हरकत आहे?"

"हो."

"याला वस्तुस्थिती कुठे आहे? कारणं कुठे? प्रार्थना कुठे?"

"अहो, म्हणणं एवढंच आहे."

"म्हणणं एवढंच असतं हो सगळ्यांचं. म्हणण्यावर निकाल लागले असते तर कोर्टं कशाला बांधली असती?" ते कागद घेऊन घरात गेले आणि मला त्यांच्या मागे जावं लागलं. संध्याकाळपर्यंत माझ्या एका वाक्याची सात पानं झाली. मूळ वाक्य त्यात शोधायला मला बराच वेळ लागला. ते पाचव्या पानावर 'वरील बाबीस बाधा न येता' या शब्दांच्या आडोशाला बसलं होतं.

"आता पुरावा," कोर्टबुवा म्हणाले. "बायका सहा सत्तावीसला सुटतात, हे पाहिलं कुणी?"

शेवटच्या तारखेला बारा दिवस होते. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी घडीचं स्टूल, वही आणि पेन घेऊन कारखान्याच्या फाटकासमोर बसलो. पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाला भेटायचंय?" मी म्हणालो, "कुणालाच नाही. फक्त वेळ नोंदवायची आहे." तो आत गेला. आतून मुकादम आला, लांबूनच माझ्याकडे पाहून परत गेला. वहीवर पेन टेकवून मान किंचित तिरकी करण्याची माझी जी पद्धत आहे, ती तेहेतीस वर्षांच्या सरकारी नोकरीतून आलेली आहे आणि काढून टाकता येत नाही.

सहाची घंटा झाली आणि सहा वाजून एक मिनिटाने सगळ्या बायका बाहेर. मुकादम स्वतः फाटक धरून उभा. मी नोंद केली. दुसऱ्या दिवशी सहा वाजून शून्य मिनिटं. तिसऱ्या दिवशी तर दोघी-तिघी सहाला एक मिनिट कमी असतानाच बाहेर आल्या आणि मुकादमाने मला नमस्कार केला. कामगार कचेरीतून कुणीतरी तपासणीला येऊन बसतोय, अशी बातमी मालकापर्यंत गेली होती.

सूनबाई खुशीत होती. तिन्ही दिवस सव्वासहाची बस मिळाली होती. "बाबा, परीक्षेपर्यंत रोज बसा तिथे," ती म्हणाली.

कोर्टबुवांनी माझी वही वाचली आणि मिटली. "अभिनंदन," ते म्हणाले. "हा कारखाना कायदा पाळण्यात आदर्श आहे, असा तीन दिवसांचा लेखी पुरावा तुम्ही स्वतःच्या हस्ताक्षरात तयार केला आहे. हा मालकाच्या वकिलाच्या हाती लागला तर तो फ्रेम करून लावील."

मग लपून नोंद घ्यायचं ठरलं. फाटकासमोर लपण्यासारखी जागा एकच होती, आणि ती म्हणजे केशकर्तनालय. तिथे नुसतं बसू देत नाहीत. पहिल्या दिवशी मी दाढी केली. खुर्चीचं तोंड आरशाकडे, त्यामुळे फाटक आरशात उलटं दिसत होतं. वही आणि घड्याळ अंगावरच्या कापडाखाली. मी न बघता लिहीत होतो आणि न्हावी माझी हनुवटी वर करून करून म्हणत होता, "हलू नका साहेब, कापेल." सहा सत्तावीस. दुसऱ्या दिवशी दाढी उगवलेली नव्हती, म्हणून केस कापले. ऐन वेळी त्याने "मान खाली" म्हटलं आणि निम्म्या बायका माझ्या नजरेतून सुटल्या. उरलेल्या सहा चोवीसला. तिसऱ्या दिवशी त्याने मला सगळीकडून पाहिलं आणि तो म्हणाला, "साहेब, आता तुमच्यात करण्यासारखं काही राहिलेलं नाही." तेहेतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनीही हे इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं. शेवटी मिश्या काळ्या करण्यावर तडजोड झाली. सहा अठ्ठावीस.

मी घरी आलो. सौभाग्यवतीने दार उघडलं, मिश्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाकडे काम आहे तुमचं?"

"सरकारी काम आहे."

"दिसतंय," ती म्हणाली.

त्या तीन दिवसांत सूनबाईची एक गैरहजेरी आणखी गेली. पुरावा हवा तर बस चुकायला हवी, आणि बस मिळाली तर पुरावा नाही, असा हा पेच होता. तिने तक्रार केली नाही. फक्त फ्रिजवरच्या कागदावर चारचा तीन केला.

कोर्टबुवांना नोंदी पसंत पडल्या. "पण तुमचं घड्याळ बरोबर कशावरून?" असं विचारायला ते विसरले नाहीत. रेडिओच्या बातम्यांशी मनगटी घड्याळ लावून पाहिलं, सेकंदाला सेकंद. मग त्यांची नजर आमच्या भिंतीवर गेली. "हे दहा मिनिटं पुढे का?"

"ते पुढेच असतं," सौभाग्यवती म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे. बघायचं आणि दहा वजा करायची."

"म्हणजे या घरात दोन वेळा नांदतात," कोर्टबुवा खुर्चीत मागे रेलले. "उद्या उलटतपासणीत विचारतील, घरातलं घड्याळ खोटं, मग हातातलं खरं कशावरून?"

सुनावणीत उलटतपासणी नसते हे आम्हाला माहीत नव्हतं. मी स्टुलावर चढलो आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे घेतले. वजनमापांचा निरीक्षक असूनही मी एकतीस वर्षं घरात दहा मिनिटांचं खोटं माप चालू दिलं होतं. खाली उतरलो तेव्हा मला स्वच्छ वाटत होतं. मनगटी घड्याळ 'पुरावा क्रमांक एक' म्हणून कोर्टबुवांनी लिफाफ्यात घातलं आणि लाखेने सील केलं.

हरकती पोचवायचा शेवटचा दिवस उजाडला. कचेरीची खिडकी पावणेसहाला बंद होणार, आणि कचेरी आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. प्रती चार, पानं प्रत्येकी सात, शिवाय जोडपत्रं. निघताना कोर्टबुवांना दिसलं की पानांवर क्रमांक नाहीत. क्रमांक घालून झाले तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं. पाच पंचवीस. एकतीस वर्षांच्या सवयीने दहा वजा केली. सव्वापाच. मग पाणी प्यालो, चपला बदलल्या आणि रमतगमत निघालो.

मोबाइलमध्येही वेळ असते, हे मला माहीत आहे. पण ती बघायला चष्मा लागतो आणि चष्मा चढवेपर्यंत ती बदललेली असते.

कचेरीचे तीन जिने चढून खिडकीशी पोचलो तर आत कारकूनबाई कागदांच्या ढिगामागे बसून नोंदी करत होत्या. त्यांच्या डोक्यावर सरकारी घड्याळ होतं. पाच छप्पन्न.

"वेळ संपली," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, तुम्ही तर बसलेल्या आहात."

"मी रोज पावणेसातपर्यंत बसते. आम्हाला हे नियम लागू नाहीत." त्यांनी आणखी एक नोंद केली. "अकरा मिनिटं उशीर झालाय तुम्हाला."

जिने चढून मला धाप लागली होती, हातात सील केलेलं घड्याळ होतं, मिश्या काळ्या होत्या आणि सूनबाईच्या तीनच गैरहजेऱ्या उरल्या होत्या. माणसाला अशा वेळी कायदा सुचतो. मी म्हणालो, "बाई, तुमच्याच मसुद्याचा नियम सात, पोटनियम तीन पाहा. नियत वेळेनंतरची तीस मिनिटांपेक्षा कमी वेळ गणली जात नाही. त्या हिशेबाने मी पावणेसहालाच आलो आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं असावं, पण ते सरकारी होतं, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. "लिहून द्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हेच. अर्ज घेणं माझ्या हातात आहे. उशीर माफ करणं साहेबांच्या."

मी तिथेच उभ्याने लिहून दिलं: 'नियम सात, पोटनियम तीननुसार तीस मिनिटांपेक्षा कमी कालावधी गणणे योग्य नसल्याने सदर अकरा मिनिटे गणू नयेत.' सही केली. त्यांनी शिक्का मारला. मी इतक्या आनंदात जिने उतरलो की घरी येऊन कोर्टबुवांना सांगेपर्यंत मला काही कळलं नाही. त्यांनी अर्जाची प्रत वाचली, चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले.

"तुम्ही हरकत दाखल करायला गेला होतात ना?" ते म्हणाले. "नियमाला एवढा सुंदर पाठिंबा मालकालासुद्धा लिहिता आला नसता."

सुनावणी तीन आठवड्यांनी होती. पुरावा मिळाल्यापासून वर्गाच्या दिवशी मी पुन्हा स्टूल घेऊन फाटकासमोर बसत होतो, तरी दोनदा चुकलं आणि तोवर फ्रिजवरच्या तीनचा एक झाला. त्या दिवशी सूनबाईने पोट दुखत असल्याचं सांगून रजा घेतली. "कुठे काही बोलणार नाही," ती म्हणाली, "मागे बसून ऐकणार फक्त."

सभागृहात डावीकडे हरकत घेणारे आणि उजवीकडे पाठिंबा देणारे, अशी व्यवस्था होती. शिपायाने यादीत माझं नाव शोधलं आणि मला उजवीकडे नेलं. मी म्हणालो, "चूक होतेय." तो म्हणाला, "कागदावर आहे." उजवीकडे गादीच्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. डावीकडे बाकं होती. माझ्या शेजारी कोण बसलं होतं, तर धुलाई कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांनी मला ओळखलं. म्हणजे कारखान्यासमोर बसणारा अधिकारी म्हणून ओळखलं. "साहेब, तुम्हीसुद्धा आमच्या बाजूचे?" असं म्हणून त्यांनी माझ्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावर सूनबाई तोंडाला पदर लावून बसली होती. ती हसत होती की लपत होती, ते मला अजून माहीत नाही.

अधिकारी कंटाळलेले पण सभ्य गृहस्थ होते. माझी फाइल उघडून त्यांनी दोन कागद दोन हातांत धरले. "आजोबा, या कागदात तुम्ही म्हणता, एकेक मिनिट मोजा. आणि या कागदात म्हणता, अकरा मिनिटं मोजू नका. नक्की काय धरू?"

सभागृहात हशा झाला. बाटलीतलं पाणी पिण्याचं निमित्त करून मी थोडा वेळ मिळवला.

"साहेब, आमची काही हरकत नाही," शेजारचे व्यवस्थापक उठून उदारपणे म्हणाले. "वयस्कर माणूस आहे. अकरा मिनिटं ती काय. सोडून द्या. त्यांची हरकत दाखल करून घ्या आणि पुढे चला."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "बरोबर आहे. अकरा मिनिटं ही काही वेळ नव्हे, असं नोंदवून..."

"धरा, साहेब."

हा आवाज मागून आला. सूनबाई उभी होती. पदर खांद्यावर गेला होता. "बाबांना अकरा मिनिटं उशीर झाला होता. ती धरा. हरकत फेटाळा."

व्यवस्थापक वळले. त्यांनी तिला पाहिलं, आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या मिश्यांकडे. त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, ते मला स्पष्ट दिसलं. त्यांनी उघडून दिलेल्या बाटलीतून मी पाणी प्यायचं थांबवलं.

"तुम्ही कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"चादरी घडी करते. यांच्याच कारखान्यात." तिने व्यवस्थापकांकडे बोट दाखवलं. "साहेब, अकरा मिनिटांत आम्ही दोघी पंचवीस चादरी करतो. या साहेबांना विचारा, त्या पंचवीस गाडीत चढतात की नाही. अकरा मिनिटं थांबवलं की आवरून निघेपर्यंत माझी बस जाते. बस गेली की वर्ग जातो. माझी एक गैरहजेरी उरली आहे, त्यानंतर परीक्षेला बसू देणार नाहीत. तिथेही विचारून पाहिलं मी, अकरा मिनिटं ती काय म्हणून. ते म्हणतात, उशीर तो उशीर. मग सगळीकडे माझा उशीर धरायचा आणि माझं काम तेवढं धरायचं नाही, असं कसं?"

व्यवस्थापक म्हणाले, "आज ही रजेवर आहे. पोटदुखीच्या."

"दुखतंय," सूनबाई म्हणाली. "आत्ता जास्तच."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, या बाई म्हणतात त्याप्रमाणे केलं, तर तुमची सात पानं, चार प्रती आणि ते लिफाफ्यातलं घड्याळ, सगळं जाईल. चालेल?"

सात पानं गेल्याचं मला दुःख नव्हतं. पण न्हाव्याच्या खुर्चीत कापडाखाली न बघता लिहिलेल्या त्या तीन ओळी मात्र डोळ्यांपुढे आल्या. माझ्या उभ्या कारकिर्दीत माझं एकही माप कुणी नाकारलं नव्हतं. मी उभा राहिलो. "चालेल साहेब. पण आकडा घाला. नुसतं 'विलंब' लिहू नका."

कारकूनबाई कोपऱ्यात टंकलेखनाला बसल्या होत्या. अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि त्यांनी टंकलं: 'अकरा मिनिटांचा कालावधी विचारात घेण्याजोगा असल्याने हरकत फेटाळण्यात येत आहे.' एरवी दोन बोटांनी टंकणाऱ्या बाईंनी हे वाक्य दहा बोटांनी पूर्ण केलं. मग त्या सूनबाईला म्हणाल्या, "तुमचं तोंडी निवेदन नोंदवायचं आहे. पूर्ण नाव सांगा."

नाव सांगितलं की लपायला काही उरत नव्हतं. तिने नाव सांगितलं. स्वतःचं, माझ्या मुलाचं आणि आडनाव, ठणठणीत.

"आणि हेही लिहा," अधिकारी म्हणाले, "की मसुदा लागू होईपर्यंत जुनाच नियम चालू आहे. कुणी सराव करत असेल तर त्याने तो घरी करावा." व्यवस्थापकांनी आपली बाटली माझ्यापासून दूर सरकवली.

डावीकडच्या बाकांवरचे लोक उठून त्या आदेशाची प्रत मागू लागले. संध्याकाळपर्यंत बाईंनी चाळीस प्रती काढल्या, आणि अर्थातच पावणेसातपर्यंत बसल्या. पुढचे चार दिवस जो जो बोलायला उठला, त्याने आधी आदेश टेबलावर ठेवला: खुद्द खातंच लेखी म्हणतंय की अकरा मिनिटं धरण्याजोगी आहेत. जिन्यात कोर्टबुवांनी मला गाठून सांगितलं की आपली हरकत फेटाळून घेणं ही त्यांचीच मूळ योजना होती.

"बाबा, तुम्ही हरलात," सुनावणीहून घरी येताना सूनबाई म्हणाली होती.

"हो, पण लेखी," मी म्हणालो होतो.

तिला भट्टीकडे पाठवलं नाही. नाव सरकारी कागदावर असलेल्या बाईला भट्टीकडे पाठवण्याआधी मालक दोनदा विचार करतो, आणि आमच्या सूनबाईकडे पाहून तिसऱ्यांदा. उरलेली एक गैरहजेरी तशीच उरली आणि ती परीक्षेला बसली. निकाल लागायचा आहे, आणि कामही अजून तिथेच चालू आहे. वर्ग संपले, तरी परीक्षेनंतरचं प्रशिक्षण सात वाजताच असतं. तिथलं दारही सातलाच लागतं.

नवा कायदा दोन महिन्यांनी लागू झाला. सरकारने सगळ्यांचं ऐकलं, म्हणजे कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही. तीस मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं आली. पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ गणली जाणार नाही. मुकादम आता सहा चौदाला फाटक उघडतो. चौदा मिनिटं फुकट, आणि मग सव्वासहाच्या बससाठी एक मिनिट. फाटकापासून थांबा दोन मिनिटांवर आहे.

ते कमी पडणारं एक मिनिट मी अंगावर घेतलं आहे. रोज सहा तेराला थांब्यावर हजर असतो. बस आली की पायरीवर एक पाय ठेवतो आणि ड्रायव्हरला विचारतो, ही गाडी कुठे जाते, मधे कुठे थांबते, उलटी कधी येते. मला कमी ऐकू येतं हे अशा वेळी कामी येतं. प्रत्येक उत्तर दोनदा घ्यावं लागतं. तेवढ्यात चौदा-पंधरा बायका पदर खोचून धावत येतात आणि मागच्या दाराने चढतात. मग मला एकदम आठवतं की मला कुठेच जायचं नाही.

पहिले काही दिवस ड्रायव्हर चिडायचा. नंतर उत्तरं द्यायचा. काल मात्र पायरीवर पाय ठेवला आणि मला काही म्हणजे काही सुचेना. मार्ग विचारून झाले होते, तिकिटं विचारून झाली होती, त्याच्या मुलाबाळांचीही चौकशी झाली होती. मी नुसताच उभा राहिलो. ड्रायव्हरने आरशात मागे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाला, "विचारा काहीतरी आजोबा. त्या अजून फाटकातच आहेत."